कापलेली नव्हे, कापायची

खालच्या शेतातल्या मक्याच्या अकरा ओळी डुकरांनी एका पहाटेत आडव्या केल्या, तेव्हा मी बांधावर उभी होते आणि माझ्या हातात भरलेली बंदूक होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी दुसरीकडून ऐकून मलाच सांगायला यायला नको. डुकरं वीस पावलांवर होती. मी नेम धरला, चाप ओढला, आणि सगळे छर्रे पुढ्यातल्या मातीत गेले. डुकरांनी एकदा माना वर केल्या आणि कणसं चावत सावकाश रानाकडे निघाली. पळालीसुद्धा नाहीत. ते मला फार लागलं.

नेम माझा वाईट नाही. वाईट आहे तो डावा हात. आठ वर्षांची असताना मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडला, कोपरात मोडला, आणि ज्याने बसवला त्याने घाईत बसवला. उजव्यापेक्षा चार बोटं आखूड राहिला. तेव्हापासून गावात माझं नाव तोकडी. आता चाळिशी उलटली तरी तेच. या हाताने मी धार काढते, कुदळ मारते, पोतं उचलते. फक्त बंदुकीचं पुढचं वजन तो तोलत नाही. एकनळी बंदूक, बाबांची, जुन्या घडणीची, बत्तीस इंच नळीची. खांद्याला लावली की तीन श्वास सरळ राहते, चौथ्याला तोंड खाली करते.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून गेल्या वर्षी परवाना माझ्या नावावर झाला. पिकाच्या राखणीपुरता, आपल्याच शेतात. भाऊ लांब कारखान्यात आहे, वर्षाकाठी एकदा येतो. घरात बाबा, वहिनी आणि मी. आणि तो मका. तो घरात आला तर वर्षभर आमच्या आणि दोन म्हशींच्या तोंडात काही पडणार. काढणीला अजून तीन आठवडे होते, आणि डुकरं रोज येत होती.

त्या सकाळी वहिनी आणि मी तुडवलेली कणसं वेचत होतो. निम्मी दुधातच चेंगरलेली. मातीतून ओढून काढायची, पुसायची, पाटीत टाकायची. कंबर मोडून आली. तेवढ्यात शेजारचा बांधावर येऊन उभा राहिला. याला गावात दीडशहाणा म्हणतात, आणि ते कमीच आहे. याने पाहिलं, मान हलवली, आणि सांगितलं की नळी लांब आहे म्हणून बंदूक झुकते, हात कुठं वाढणार आहे, नळी कापून टाका. त्याच्याकडे लोखंड कापायची करवत आहे. पंधरा मिनिटांचं काम.

मी म्हटलं, परवानगी लागते.

"तुला कोण विचारायला येतंय, तोकडे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच येऊन गेलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं. जन्मभर मी या हातावर पदर ओढून बसायचं, आणि आता बंदूकही झाकून ठेवायची? मी काय चोरी करायला निघाले होते? माझं शेत, माझा परवाना, माझा हात. जे करायचं ते चारचौघांत करीन.

बाबांना विचारलं. ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. तीस वर्षं त्या परवान्यावर एक डाग नाही, एवढंच त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, "आधी कागद, मग करवत. उलट झालं तर बंदूक जाईल, परवाना जाईल आणि तूही जाशील."

दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन, बंदूक कापडात गुंडाळून मी तालुक्याच्या बंदूक मिस्त्रीकडे गेले. दुकान म्हणजे एक खोली, एक शेगडा, आणि तेलाचा वास. मिस्त्री साठीचा, बोलायला कंजूस. गेल्या वर्षी त्यानेच माझ्यासाठी मागचा लाकडी दस्ता दोन बोटं कमी करून दिला होता, त्याला परवानगी लागत नाही. त्याने मला बंदूक खांद्याला लावायला सांगितली, बाजूला उभा राहून बघत राहिला, आणि म्हणाला की आता मागून काही उरलं नाही, पुढूनच कमी करावी लागेल. सहा इंच.

मग त्याने नियम सांगितले, आणि ते सांगताना मात्र कंजुषी केली नाही. चोवीस इंचांच्या खाली नळी गेली की ती बंदूक राखणीची राहत नाही, ती कोटाखाली लपवायची होते, आणि तिला कायद्यात माफी नाही. चोवीसच्या वर कापायची तर आधी लेखी परवानगी. कापायची ती परवानाधारक मिस्त्रीनेच. कापल्यावर नवीन माप नळीवर ठोकायचं, परवान्यावर चढवायचं, आणि कापलेला तुकडा कचेरीत जमा करायचा. यातलं एक चुकलं तर त्याचंही दुकान बंद.

शेवटी त्याने माप घेतलं. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, बंद केली, आणि एक बारीक सरळ काठी तोंडातून आत सोडली. ती तळाला टेकली तेव्हा तोंडापाशी नखाने खूण केली, काठी बाहेर काढली आणि ती फुटपट्टीवर ठेवली. बत्तीस. बाहेरून मोजणारा फसतो, म्हणाला, कारण नळीचा मागचा भाग लाकडाच्या आड असतो. खुणेवर त्याने चाकूने खाच पाडली आणि काठी माझ्या हातात दिली. कशाला, विचारलं तर म्हणाला, असू दे.

घरी आल्यावर अर्ज बाबांनी लिहिला, डोळे कागदाला लावून, दोन तास घालवून. 'माझ्याजवळील एकनळी बंदुकीची नळी सहा इंच कापावयाची आहे, तरी परवानगी मिळावी.' कारण: डावा हात तोकडा. तो घेऊन मी कचेरीत गेले. रांगेत दीड तास उभी राहिले. कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत अर्ज वाचला.

त्याने विचारलं, हात तोकडा आहे कशावरून? मी म्हटलं, दिसतोय. तो म्हणाला, साडीत काय दिसतंय, दोन्ही हात वर करून दाखवा. मागे वीस-पंचवीस माणसं. मी हात वर केले. त्याने खुर्चीतून मान वाकडी करून पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, शेजारच्याने पाहिलं. रांगेतलं कुणीतरी हसलं. मग त्याने वहीत काहीतरी नोंद केली, पोच फाडून दिली आणि सांगितलं, साहेब पाहणीला येतील.

माझे कान तापले होते. पोच न वाचता मी कनवटीला लावली आणि बाहेर पडले. चूक माझी. रागात मी कागद वाचला नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

चार दिवस आम्ही डबे वाजवून राखण केली. दिवस मावळताना वहिनी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि पहाटे परत. दिवसा काटेरी फांद्या तोडून कुंपणाची भोकं बुजवायची. दोघींचे हात ओरबाडून निघाले. पहिल्या दिवशी डुकरं डब्याला बिचकली. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की डबा चावत नाही. आणखी सात ओळी गेल्या. वहिनी म्हणाली, यांना आता डबा वाजला की जेवायला बोलावल्यासारखं वाटतं. मला हसू आलं आणि रडूही.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी आली. पाहणीला आले म्हणून मी खुश. वहिनीने चहा ठेवला, मी खुर्ची पुसली. एक अधिकारी आणि दोन शिपाई उतरले. अधिकारी बसला नाही.

"कापलेली बंदूक काढा," तो म्हणाला.

मी म्हटलं, कापलेली नाही, कापायची आहे. त्याने हातातला कागद वाचून दाखवला. वहीतली नोंद होती. 'नळी कापलेली एकनळी, एक. धारक स्त्री, हात तोकडा.' मी कनवटीची पोच काढून बाबांकडे दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावून वाचली. तिच्यावरही तेच होतं. कारकुनाने ध चा मा केला होता. बाबांनी दोन तास घालून लिहिलेल्या वाक्यातला 'कापावयाची आहे' त्याला लांब वाटला, म्हणून तो 'कापलेली' लिहून मोकळा झाला. मला सहा इंच कापायला परवानगी लागते, आणि या पठ्ठ्याने माझं अर्धं वाक्य विनापरवाना कापलं.

मी बंदूक आणून रिकामी करून दाखवली. तोवर आजूबाजूचे जमले होते, दीडशहाणा सगळ्यांत पुढे. शिपायाने फीत काढली आणि लाकूड संपतं तिथून तोंडापर्यंत बाहेरून लावली. बावीस.

अधिकाऱ्याने तोंडाने चक् केलं. चोवीसच्या खाली आहे, म्हणाला, हे गंभीर आहे. बंदूक जप्त होईल, परवाना स्थगित होईल, आणि तुम्हाला गाडीत बसावं लागेल. बाबा ओट्याची कड धरून उठले. तीस वर्षांचा कोरा परवाना, आणि माझ्या न वाचलेल्या एका चिठ्ठीने त्याला डाग लागणार होता.

मग मला काठी आठवली. आत गेले, आढ्यात खोचलेली काढली.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब? नळी आतून मोजतात. ही आत सोडा."

शिपाई अधिकाऱ्याकडे बघायला लागला. अधिकाऱ्याने काठी स्वतः घेतली. बंदूक उघडून बघितली, बंद केली, काठी आत सोडली. ती टक करून तळाला टेकली आणि चाकूची खाच बरोबर तोंडाच्या कडेला आली. त्याने काठी काढून फीत लावली. मग दुसऱ्यांदा केलं. मग तिसऱ्यांदा, खाली बसून. बत्तीस.

माणूस वाईट नव्हता. कपाळ पुसलं आणि म्हणाला की चूक झालेली दिसते. पण कागदावर कापलेली आहे, तेव्हा कागद दुरुस्त होईपर्यंत बंदूक जमा करावी लागेल. पंधरा दिवस, फार तर महिना.

महिना. मक्याला राहिले होते पंधरा दिवस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी दारात उभी राहिले. अंगात कुठून आलं कुणास ठाऊक, पण आवाज चढला नाही.

"या कागदावर जी बंदूक आहे ती माझ्या घरात नाही, साहेब. घर बघा, सापडली तर न्या. ही अख्खी आहे, आणि अख्खी न्यायला तुमच्याकडे एक ओळसुद्धा नाही. न्यायची असेल तर आधी पंचनामा लिहा. बत्तीस इंच, नळी अखंड. आणि त्याखाली लिहा, तरीही नेली."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाबांकडे. मग तो खुर्चीवर बसला आणि त्याने पंचनाम्याचा कागद मागितला. लिहिलं, बत्तीस इंच, नळी अखंड. पुढचं वाक्य त्याने लिहिलं नाही.

पंच म्हणून सही करायला माणूस हवा होता. दीडशहाणा सगळ्यांत पुढे होता, आता तो मागे सरकायला लागला. सरकारी कागदावर कशाला, दुसऱ्या कुणाला बघा, असं पुटपुटायला लागला. वहिनी चहाचा पेला घेऊन त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, लोखंडाची करवत कुणाच्या घरी आहे ते साहेबांना सांगू का? त्याने चहा न पिताच सही केली. चांगली ठसठशीत केली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले ती पंचनाम्याची प्रत, काठी आणि डुकरांनी पाडलेल्या कणसांचं एक पोतं घेऊन. कारकुनाने पंचनामा वाचला. त्याचा चेहरा जरा उतरला, पण सवय जात नाही. म्हणाला, वहीतली नोंद अशी खोडता येत नाही. शब्द बदलायचा तर वरून परवानगी लागते. वेळ लागेल.

"एक शब्द कापायला तुम्हाला परवानगी लागते?" मी विचारलं. "मग घ्या. मी बसते."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला माहीत होतं, म्हणून तर पोतं आणलं होतं. बाकावर बसले, पदर पसरला, आणि कणसं सोलायला लागले. उजव्या अंगठ्याने दाणे सुटतात, तोकड्या हातात कणीस बरोबर मावतं. दाणे पदरात, बुरकुंडं पोत्यात. कारकून म्हणाला, इथं हे चालणार नाही. मी म्हटलं, कुठल्या नियमात आहे तो दाखवा, दाखवलात तर लगेच उचलते. तो नियम शोधायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुपारपर्यंत पदरात ढीग झाला. रांगेत कंटाळलेली एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि न विचारता कणीस उचललं. मग एक रिक्षावाला. मग दोन बाया. सगळ्यांचीच कामं अडकलेली, हात रिकामे. कुणाचा काय शब्द चुकला होता ते एकेक जण सांगायला लागला. म्हातारीला कागदावर तीन वर्षांपूर्वी मारलं होतं, आणि ती जिवंत असल्याचा दाखला मागायला पाचव्यांदा आली होती. दाणे फरशीवर टपटप पडत होते. त्या आवाजाने म्हणा किंवा हसण्याने म्हणा, आतला साहेब बाहेर आला.

हा मोठा साहेब. त्याने काय चाललंय विचारलं. या वेळी कुणी सांगायच्या आधीच मी उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसतील असे. म्हटलं, कारण हे आहे, माप हे आहे, पंचनामा हा आहे, आणि चूक त्या वहीत आहे. कुणी हसलं नाही.

त्याने वही मागवली. 'कापलेली' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर 'कापावयाची' लिहिलं आणि बाजूला सही केली. पाच मिनिटं लागली नाहीत. मग अर्जावर शिक्का मारला. बत्तीसची सव्वीस, परवानाधारक कारागिराकडून. मी तिथंच उभी राहून कागद वाचला. अक्षर अन् अक्षर. परत वाचला. मागची म्हातारी म्हणाली, माझाही वाच गं एकदा. तिचाही वाचला, साहेबासमोर, मोठ्याने.

मिस्त्रीने माझ्यासमोर नळी कापली. कड घासून गुळगुळीत केली, नेम धरायची पुढची माशी पुन्हा बसवली, नवीन माप ठोकलं. मग माझ्याच काठीने मोजलं आणि दुसरी खाच पाडली. तुकडा कापडात बांधून मी कचेरीत जमा केला. पावतीवर लिहून मिळालं, 'कापलेला तुकडा, सहा इंच.' आता तो शब्द बरोबर होता. कारकुनाने पावती माझ्यापुढे सरकवली आणि मी वाचून होईपर्यंत पेन हातात धरून बसला.

या सगळ्यात नऊ दिवस गेले आणि मक्याचा तिसरा हिस्सा गेला. तो परत यायचा नाही, त्याचं दुःख आहेच. पण दोन हिस्से उभे होते.

पुढच्या पहाटे मी बांधावर उभी राहिले. बाबांना यायचंच होतं, वहिनीने त्यांना हाताला धरून आणलं आणि मागे गोणपाटावर बसवलं. उजाडता उजाडता डुकरं आली, आपल्याच घरी आल्यासारखी. मी बंदूक खांद्याला लावली. एक श्वास, दोन, तीन. चौथा. नळी जिथं होती तिथंच राहिली. पाचव्या श्वासाला पुढचा मोठा नर कडेला वळला आणि मी चाप ओढला. तो तिथंच बसला. बाकीची अशी पळाली की कुंपणातली काटेरी फांदी पाठीवर घेऊन गेली. बाबांना दिसलं नाही, पण ऐकू आलं. त्यांनी विचारलं, खाली गेली का गं? मी म्हटलं, नाही बाबा, सरळ राहिली. त्यांनी डोळे पुसले आणि कडाक्याची थंडी आहे असं म्हणाले. थंडी नव्हती.

आमच्या शेतात डुकरं परत आली नाहीत. पण डुकरांना पोट आहेच. ती बांधापलीकडे गेली.

दहा दिवसांनी दीडशहाणा आमच्या ओट्याशी आला. आम्ही मका खुडून आणला होता, कणसांच्या राशीत तिघं बसलो होतो. तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला की त्याच्या दहा ओळी गेल्या. मग म्हणाला की उद्या पहाटे जरा आमच्या बांधावर उभी राहशील का, दोन बार टाक, तुला काय जड आहे, कोण बघायला येतंय.

पहिल्यांदाच तो मला तोकडे म्हणाला नाही. ताई म्हणाला.

मी हातातलं कणीस सोलून संपवलं. परवाना आमच्या शेतापुरता आहे, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्याच्या शेतात जायचं तर शेताच्या मालकाचा लेखी अर्ज लागतो आणि त्यावर कचेरीचा शिक्का. मी आत जाऊन एक कोरा कागद आणि पेन आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. वहिनी खाली मान घालून हसत होती.

"लिही," मी म्हटलं. "आणि शब्द नीट लिही. राखलेलं नाही. राखायचं."